सोमवारी 3 ते 5, फाइल बघायची सोय: कामाची आहे, पण रांग कुठाय?

चौकात कमान उभी राहिली, दुभाजकावर रंगीत दिवे लागले, की कोल्हापुरात मिसळीच्या टेबलापासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकच ओरड: आमच्या पैशाची उधळपट्टी! ओरड खोटी नसते. फक्त नारळ कुठल्या गटाच्या नेत्यानं फोडला ते बघून ती चढते नाहीतर उतरते, आणि डांबरात गेलेल्या पैशाकडं सहसा वळतच नाही. 2015 ला शहरातल्या रस्त्यांवरचा टोल रद्द झाला, गावानं गुलाल उधळला, लढाही होताच तसला. पण त्या रस्त्यांचे पैसे देणं पुढं सरकारी तिजोरीवर आलं, म्हणजे फिरून आपल्यावरच. त्यावर कुणी फारसं टेबल आपटलं नाही.

ज्याला खरंच हिशोब बघायचाय त्याच्यासाठी सोय आहे. सामान्य प्रशासन विभागाच्या 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानं जिल्हास्तरावरची कार्यालयं आणि महापालिका, जिल्हा परिषदेसारख्या संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख बघता येतात. सोमवारी सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस. माहिती अधिकार नियमांप्रमाणं पाहणीचा पहिला तास मोफत, झेरॉक्सला पानामागं 2 रुपये. कागदावर ही सोय पाचपैकी साडेचार गुणांची. अंमलात दोन, फार तर अडीच.

हे गुण का घटतात ते सांगतो. ‘आमच्या रस्त्याची फाइल द्या’ म्हटलं की ‘कुठला रस्ता, कुठल्या साली?’ यातच पाऊण तास जातो. म्हणून कामाचं पूर्ण नाव, कुठून कुठपर्यंत, आर्थिक वर्ष आणि जमलं तर कार्यारंभ आदेशाचा (वर्क ऑर्डरचा) क्रमांक लिहून न्यायचा. निविदेची माहिती महाटेंडर्स या सरकारी निविदांच्या संकेतस्थळावर आधीच शोधून ठेवावी. महापालिकेचा रस्ता असेल तर मुख्य इमारतीत थेट जाऊन उपयोग नसतो. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट यांपैकी ज्या विभागीय कार्यालयाच्या हद्दीत रस्ता आहे तिथं आधी विचारायचं. रस्ता सार्वजनिक बांधकामचा निघाला तर तो फेरा वाया जातो, तेवढी खात्री अगोदर करावी.

फाइल हातात आली की लोक अंदाजपत्रकाचा आकडा बघून डोळे पांढरे करतात आणि परत देतात. तो आकडा सगळ्यात कमी कामाचा. खरी वस्तू मोजमाप पुस्तिका, म्हणजे एम.बी. बिल तिच्यावर निघतं. लांबी, रुंदी, जाडी तिथं नोंदलेली असते. समजा रस्ता 500 मीटर लांब, 6 मीटर रुंद, डांबराचा थर 30 मिलिमीटर. झाले 90 घनमीटर, वजनात साधारण 210 टन. प्रत्यक्षात थर 25 मिलिमीटरच पडला तर 15 घनमीटर, म्हणजे 35 टनांच्या आसपास माल कमी. दोन-तीन डंपर रस्त्यावर आलेच नाहीत. 5 मिलिमीटर डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून त्यावर पोस्टही पडत नाही. एम.बी.च्या जोडीला डांबराची चलनं (डांबर घेतल्याच्या पावत्या) आणि कोअर, म्हणजे रस्त्याचा गोल तुकडा, कापून घेतलेल्या जाडीचा चाचणी अहवाल मागायचा. चलनाची तारीख काम झाल्यानंतरची असली की पुढचं बोलणं सोपं होतं. निविदा फारच कमी दरानं भरलेली असेल तर ठेकेदाराकडून जादा सुरक्षा ठेव घेतली का तेही बघावं. कमी दराचं कौतुक सगळे करतात, तूट कुठून भरून काढणार ते कोण विचारतंय?

कमानीची फाइल वेगळी वाचावी लागते. सिमेंट, स्टीलचे दर सरकारी दरसूचीत, म्हणजे ठरलेल्या दरांच्या यादीत असतात, पण नक्षी, पुतळ्याची चौकट, शोभेचे दिवे यांचे बऱ्याचदा नसतात. मग तीन दरपत्रकं (कोटेशन) मागवून दर ठरतो. ती तीन पानं शेजारी-शेजारी ठेवून वाचा. तिघांचा मजकूर, चुका, तारखा सारख्याच असतील तर ओरडायला तिथं खरा आधार आहे. फलकावर नाव कुणाचं, याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता अडतं कुठं? ‘एम.बी. साइटवर साहेबांकडं आहे’ किंवा ‘फाइल लेखापरीक्षणाला गेलीय’ ही दोन उत्तरं ठरलेली, आणि बिल निघायचं असताना ती खरीही असू शकतात. तेव्हा वाद न घालता जनमाहिती अधिकाऱ्याकडं 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा. एक अर्ज एकाच विषयाचा, 150 शब्दांत. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की गठ्ठाभर पानांचं शुल्क तरी कळवतात, नाहीतर माहिती मोघम आहे म्हणून अर्ज परत. एम.बी. क्रमांक आणि पानं लिहून साक्षांकित प्रत मागावी. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचं पहिलं अपील. मुदत टळल्यावर दिलेली माहिती मोफत द्यावी लागते, हे अपिलात स्पष्ट लिहायचं. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं जातं, तिथं मात्र तारखेची वाट बघायची तयारी ठेवा.

फाइल परत देण्याआधी एक ओळ उतरून घ्या: दोषदायित्व कालावधी कधी संपतो. त्या मुदतीत खड्डा पडला तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते. कार्यारंभ आदेशाचा क्रमांक आणि खड्ड्याचा फोटो लावून उपशहर अभियंत्याला पत्र द्या, पोच घ्या. मुदत संपून ठेव परत गेली की तोच खड्डा नव्या अंदाजपत्रकात येतो.