काचेचा डिजिटल वजनकाटा (ॲपवाला): फ्लायवेटवाल्यांनी वाचून मगच घ्या

तीन स्टार दिलेत. घरात कुणाचं वजन वाढलं, कुणाचं उतरलं एवढंच बघायचं असेल तर चार समजा, पण ज्यांचं सगळं शंभर-दोनशे ग्रॅमवर अडलेलं असतंय त्यांनी जरा थांबा.

मी बॉक्सिंग करतो, फ्लायवेटला, म्हणजे हलक्या वजनाच्या गटात. नोकरी उद्यमबागला, सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस आणि डोक्यात एकच, प्रोफेशनलला जायचं. आमच्या बेळगाव भागात कुस्ती सगळ्यांना कळते, आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान असलं की माणसं मावत नाहीत, पण बॉक्सिंग म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "एवढा बारका तू, काय मारणार?" अहो बारका आहे म्हणून तर हा गट! प्रोफेशनलमध्ये फ्लायवेटची लिमिट 112 पौंड, किलोत 50.8. एमेच्युअरला पुरुषांचा 51 चा गट होता, तो आता वर्ल्ड बॉक्सिंग या एमेच्युअरच्या जागतिक संघटनेनं बदलला, 50 केला आणि त्याच्यावर थेट 55. मधल्या माणसानं करायचं काय, एकतर अजून सुकायचं नाहीतर चार-पाच किलोनं जड पोरांचे ठोसे खायचे. प्रोफेशनलला तसं नाही, खाली 108 पौंड आहे, वर 115 आहे, मग 118, जवळजवळ गट आहेत त्यामुळं माणूस आपल्या अंगाला झेपेल तिथं बसतो. म्हणून नवीन ग्लोव्हज राहू देत म्हटलं आणि आधी काटा घेतला.

काट्याला एवढं काय महत्त्व म्हणणाऱ्यांसाठी, मॅनी पॅकियाओ माहीत असेलच, आठ वेगवेगळ्या वजनगटांत वर्ल्ड चॅम्पियन झालेला फिलिपिन्सचा. त्याचं पहिलं वर्ल्ड टायटल फ्लायवेटचंच, डिसेंबर 1998 ला थायलंडमध्ये जाऊन चाचाई सासाकुलला आठव्या राउंडला नॉकआउट करून डब्ल्यूबीसी या प्रोफेशनल बॉक्सिंगच्या संघटनेचा बेल्ट आणला. आणि सप्टेंबर 1999 ला तोच बेल्ट रिंगमध्ये उतरायच्या आधीच गेला, काट्यावर, वजन लिमिटच्या वर भरलं म्हणून. मग फाइट झाली त्यातही मेदगोएन सिंगसुरतनं तिसऱ्या राउंडला पाडलं. त्यानंतर गडी सरळ 122 पौंडात गेला. आणि विनेश फोगटचं तर कुणाला सांगायची गरज नाही, पॅरिसला 2024 मध्ये 50 किलोच्या फायनलच्या सकाळी 100 ग्रॅम जास्त, विषय संपला.

तर आता काटा. दिसायला मस्त, आकडे मोठे, बॅकलाइट आहे त्यामुळं पहाटे घरातले झोपलेले असताना लाइट न लावता बघता येतं. खाली बटन आहे ते दाबलं की किलोचं पौंड होतं, हे मला फार आवडलं कारण प्रोफेशनलचा सगळा हिशोब पौंडात चालतो.

पण याची एक खोड आहे जी बॉक्सवर कुठंच लिहिलेली नाही. हा आधीचा आकडा लक्षात ठेवतो. तुम्ही चढला, 51.3 आलं, उतरून लगेच परत चढला आणि वजनात थोडाच फरक असेल तर तो नव्यानं मोजल्यासारखं करतो आणि जुनंच 51.3 दाखवतो, म्हणजे गिऱ्हाईकाला वाटावं काय स्थिर काटा आहे! मी 51.3 बघितलं, 200 मिली पाणी प्यालो, परत चढलो, 51.3. मग त्याच्यावर आधी पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवली, उतरवली आणि मग चढलो तर 51.5. दरवेळी असंच होतंय. त्यामुळं खरं वजन बघायचं असेल तर आधी दुसरं काहीतरी ठेवून त्याची आठवण पुसायची, मग स्वतः चढायचं. वजन उतरवायच्या शेवटच्या आठवड्यात माणूस आधीच उपाशी, चिडका झालेला असतो, त्यात हे पिशवीचं नाटक करायलोय मी रोज सकाळी, आई हसायलीय.

आमच्या कारखान्यातल्या काट्यावरही बघितलं, त्याला वर्षाला मापवाल्यांचा शिक्का असतो. त्याच्यापेक्षा हा 300 ग्रॅम कमी दाखवतो, पण दरवेळी तेवढंच कमी, त्यामुळं तक्रार नाही, तेवढे धरून चालायचं. घोटाळा होतो तो फरशीमुळं. आमच्या सोप्यात जुनी शहाबादी आहे, खडबडीत, तिथं ठेवला की प्रत्येक वेळी वेगळंच. चार कोपऱ्यात चार सेन्सर आहेत, एक पाय जरी अधांतरी राहिला तरी आकडा गेला. आतल्या खोलीतल्या गुळगुळीत टाइल्सवर एक जागा ठरवून टाकली, आता हलवत नाही. हलवलाच तर पायानं एकदा दाबायचा, 0.0 येऊ द्यायचं आणि मगच चढायचं.

ॲपमधल्या चरबीच्या टक्क्यांकडं बघूच नका. ते अंगातून बारीक करंट सोडून काढतात आणि शरीरात पाणी किती आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. फाइटच्या आधी पाणी कमी केलं की हा म्हणतो चरबी वाढली. गावच्या लक्ष्मी यात्रेत दोन दिवस मटण हाणून आलो तेव्हा मात्र चरबी कमी दाखवली, घ्या.

आणि एक, पोरांनो, काटा घेतला म्हणून शेवटच्या दिवशी तीन-चार किलो उतरवायच्या नादाला लागू नका. प्रोफेशनलला वजन साधारण आदल्या दिवशी होतं त्यामुळं खाऊन-पिऊन सावरायला वेळ मिळतो, एमेच्युअरला त्याच सकाळी वजन आणि मग फाइट, तिथं सुकलेला माणूस दुसऱ्या राउंडला पायच उचलत नाही.

खडेबाजारात दीड हजाराच्या आत मिळाला. दुकानदार काका बरे आहेत, तीन पीस काढून तिथंच चढून बघू दिले, फक्त वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख मागून घ्या, ते विसरतात, मला त्यासाठी परत जावं लागलं.