काळ्या मातीत उतरणारी जुनी फोर बाय फोर: मराठवाड्यासाठी कोणती घ्यावी?

मराठवाड्यात भटकंतीसाठी जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी, घ्यायची ठरली, की पहिला प्रश्न मातीचा असतो. इंजिनाचा विचार त्यानंतर. बहुतेक तुलना लडाखचे खडक किंवा राजस्थानची वाळू डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. आपल्याकडची परीक्षा वेगळी आहे. मुरमाड माळरानावर आणि खडकाळ घाटवाटांवर खाली लिहिलेली प्रत्येक गाडी नीट चालते. खरा फरक कळतो तो पांदण रस्त्यावर, दोन सरी पडून गेल्यावर.

काळी माती पाणी पिऊन फुगते. टायरच्या खाचा ती भरून टाकते, मग चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागाही. चाक गुळगुळीत होतं आणि जागच्या जागी फिरतं. इथे १५० अश्वशक्ती असून उपयोग नाही, उलट चाक आणखी खोल जातं. हलकी गाडी वरवर सरकत निघते, दोन टनांची गाडी डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला, दोन चाकांत ताकद वाटणारा गोळा) टेकेपर्यंत बसते. म्हणून मी वजन सगळ्यात आधी पाहतो. त्यानंतर लो रेंज, म्हणजे संथ पण जोरदार चालवणारा खास गिअर, आहे का, आणि तालुक्याच्या गावी दुरुस्ती होते का. गाडीची ताकद, टचस्क्रीन, सनरूफ या गोष्टी माझ्या लेखी बऱ्याच मागे येतात.

लो रेंजवर मी अडून बसतो. ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत, फोर लो (हीच लो रेंज) असेल तर चिखलातून किंवा ओढ्याच्या काठावरून गाडी क्लच न जाळता सावकाश काढता येते. जुन्या बाजारात डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह स्वस्तात दिसते. गाडी चांगली आहे, चारही चाकं फिरतात, पण तिला लो रेंज नाही. म्हैसमाळच्या पठारावर पावसाळी सहलीला ती पुरेल. सामान भरून पांदणीत घालायला मी ती घेणार नाही.

नावावर जाऊ नका

फसगत इथेच सर्वांत जास्त होते. २०२१ पासूनची नवी सफारी फक्त पुढच्या चाकांवर चालते, तिच्यात फोर बाय फोर मिळतच नव्हती. थारमध्ये जानेवारी २०२३ पासून टू व्हील ड्राइव्ह आवृत्ती आली. बाहेरून ती हुबेहूब तशीच दिसते, आत मात्र फोर बाय फोरचा दुसरा लिव्हर नसतो. जुन्या थारच्या डीआय मॉडेलमध्येही टू व्हील गाड्या होत्या. रस्त्यावरच्या स्कॉर्पिओ तर बहुतांश टू व्हीलच आहेत आणि २०२२ च्या स्कॉर्पिओ क्लासिकमध्ये फोर बाय फोरचा पर्याय नाही. विकणारा खोटं बोलत असेल असं नाही, कित्येकदा त्यालाही माहीत नसतं. गाडीखाली वाकून पुढच्या डिफरन्शियलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट (ताकद नेणारा फिरता दांडा) डोळ्यांनी पाहा.

दोघांसाठी: जिप्सी की जिम्नी?

जिप्सीचं वजन हजार किलोच्या आसपास. १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, चारही बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग), टायर अरुंद. ओल्या काळ्या मातीत या मांडणीला आजही तोड नाही. अडकली तरी चार माणसं ढकलून काढतात, ट्रॅक्टरचं टोचन शोधत फिरावं लागत नाही. अंतूरच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर किंवा बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात बैलगाडीच्या चाकोरीवर ती जिथे वळते, तिथे स्कॉर्पिओला मागे-पुढे करावं लागतं.

पण जिप्सीसोबत राहावं लागतं, हे आधी समजून घ्या. कंपनीकडून एसी नव्हता. मागची बाकं समोरासमोर. पाट्यांमुळे संभाजीनगर ते लातूर प्रवासात कंबर बोलू लागते. लिटरला दहाच्या आसपास धावली तर समाधान मानायचं, आणि टाकी ४० लिटरची. नागरिकांसाठीचं उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबलं, म्हणजे सगळ्यात तरुण जिप्सीही आता वयात आलेली आहे. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाडीतले इंधनाचे रबरी पाइप तडकलेत का ते बघून, शंका आली तर सरळ बदलून घ्यावेत.

जिम्नी २०२३ च्या जूनमध्ये आली. १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, वजन साधारण १२०० किलो. शिडीसारखी चेसिस, दोन्ही अखंड अ‍ॅक्सल आणि लो रेंज हे जिप्सीचं सगळं मर्म तिच्यात आहे, पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत. सहा एअरबॅग, एसी, दारं पाच. चाक हवेत उचललं गेलं तर ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाला देण्याची सोयही आहे. एप्रिलमध्ये परभणीत पारा ४२ च्या वर गेलेला असताना या दोन गाड्यांमधला फरक कळायला पाच मिनिटं लागतात.

जिम्नीची उणीव जागेची. मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटरची, म्हणजे तंबू आणि शेगडी ठेवली की संपली. सीट पाडली तर ३३२ लिटर. पुढच्या सीट पूर्ण मागे झोपवून आतच आडवं होता येतं, पण मग सामान बाहेर काढावं लागतं. भरलेल्या गाडीने औट्रम घाट चढताना इंजिन कण्हतं, ओव्हरटेक मोजून करावा लागतो. तरीही दोघंच जाणार असाल, वर्षातून काही मुक्काम करणार असाल आणि हीच गाडी रोज ऑफिसलाही न्यायची असेल, तर माझं मत जिम्नीला. नव्या गाड्यांचा खप फारसा नव्हता, त्यामुळे दोन-तीन वर्षांची, कमी फिरलेली, पहिल्या मालकाकडची गाडी शोधली तर सापडते. घरात दुसरी गाडी असेल आणि हाताने काम करायची आवड असेल, तर जिप्सी. हौसेखातर मोठं इंजिन आणि रुंद टायर घातलेली जिप्सी मात्र घेऊ नका, तिचं हलकेपण तिथेच गेलेलं असतं.

थार: २०२० च्या आधीची आणि नंतरची

जुनी थार म्हणजे २०१० ते २०२० ची सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) आवृत्ती. २.५ लिटर डिझेल, १०५ बीएचपी, २४७ न्यूटन मीटर टॉर्क. मागे पाटे, वर कापडी छत, समोरासमोर बाकं. पाऊस सुरू झाला की कुठून तरी पाणी आत येतंच. पण तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स बोलेरोच्या घराण्यातले आहेत आणि बोलेरो न ओळखणारा मिस्त्री किनवटपासून परांड्यापर्यंत शोधून सापडायचा नाही. क्लच प्लेट, बेअरिंग, क्रॉस, ऑइल सील यांसाठी पुण्याला फोन करायची वेळ येत नाही. ही गोष्ट मी फार मोठी मानतो. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी गाडी बंद पडली तर संध्याकाळपर्यंत ती चालू होणं हे कोणत्याही फीचरपेक्षा महत्त्वाचं. घेणार असाल तर २०१५ च्या बदलानंतरची घ्या. तिच्यात मागच्या अ‍ॅक्सलला मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आलं, म्हणजे एक चाक चिखलात फिरू लागलं की दुसरं आपोआप जोडलं जातं.

नवी थार ऑक्टोबर २०२० पासूनची. २.२ लिटर डिझेल १३० पीएस, किंवा २ लिटर पेट्रोल १५० पीएस. जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर, पाण्यातून जाण्याची कंपनीने सांगितलेली मर्यादा ६५० मिलिमीटर. मागे कॉइल स्प्रिंग आल्यामुळे लांबच्या प्रवासाला माणसासारखी झाली. पण वजनाने ती जुन्या थारपेक्षा हलकी नाही आणि रुंद टायरवर उभी आहे. काळ्या मातीत ती सुटते ते ताकदीवर आणि लॉकिंग डिफरन्शियलवर, आणि हे डिफरन्शियल प्रत्येक मॉडेलला नाही. तीन दारांमुळे मागे बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. मुक्कामाचं सामान नेण्यापुरती डिकी मागची सीट पाडल्यावरच तयार होते.

बीएस सहा या प्रदूषण मानकाचं डिझेल घेताना आणखी एक पाहा. धूर गाळणारी डीपीएफ जाळी साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात चालावी लागते. शहरातल्या शहरात फिरलेली गाडी या बाबतीत दुखणाईत असू शकते.

दोन्हीत निवडायची तर रोजच्या वापरासाठी नवी, आणि फक्त शेत आणि डोंगर यांसाठी जुनी.

चौघांचं कुटुंब: स्कॉर्पिओ की स्टॉर्म?

दोन मुलं, तंबू, पाण्याचे जार, अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाचं सामान धरलं तर वरच्या कोणत्याच गाडीत भागत नाही. छतावर रॅक टाकून सगळं वर चढवणं हा उपाय मला मान्य नाही. वजन वर गेलं की बाजूच्या उतारावर गाडी कलते, आणि पांदणीच्या दोन चाकोऱ्या क्वचितच एका पातळीत असतात.

सफारी स्टॉर्म, म्हणजे टाटाची जुनी सफारी, आतून प्रशस्त आहे. मागची सीट पाडली तर दोन माणसं पाय पसरून झोपतात. मागची सस्पेन्शन मऊ, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि नंतरच्या व्हॅरिकोर ४०० इंजिनमध्ये १५६ पीएस व ४०० न्यूटन मीटर टॉर्क. नाथसागराच्या काठच्या कच्च्या रस्त्याने पैठणला जाताना मागे बसलेल्या आजीला त्रास होणार नाही अशी या यादीतली ही एकच परवडणारी गाडी. पण वजन दोन टनांच्या पुढे आणि उत्पादन बंद. इंजिनाचे भाग मिळतात, दरवाज्याचं रबर, दिवे, आतली प्लास्टिकची कामं यांना वाट पाहावी लागते.

स्कॉर्पिओ फोर बाय फोर, विशेषतः २०१४ च्या बदलानंतरची, बसायला उंच आणि डोलणारी आहे. आराम कमी. तरी तिचं एमहॉक इंजिन खेड्यापाड्यांत इतकं पसरलेलं आहे, की सुट्या भागांची काळजीच उरत नाही. मी कुटुंबासाठी स्कॉर्पिओच सुचवेन. अपवाद एकच: ओळखीतल्या माणसाने जिवापाड सांभाळलेली स्टॉर्म मिळत असेल तर ती सोडू नका.

या दोन्हींत फोर बाय फोर आतल्या गोल खटक्याने लागते. ती लावणारी मोटर वर्षानुवर्षं न वापरल्याने जाम होते. गाडी मोकळ्या मातीत नेऊन टू हाय, फोर हाय, फोर लो असं दोन-तीनदा करून घ्या, आणि दिवा लागला एवढ्यावर विश्वास न ठेवता पुढची चाकं ओढतात का ते बाहेर उभं राहून पाहा. कोरड्या डांबरावर ही चाचणी करू नका. पुढची-मागची चाकं वळणावर वेगळ्या वेगाने फिरतात, डांबरावर त्यांना घसरायला वाव नसतो आणि सगळा ताण गिअरवर येतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. गुरखा ही चिखलासाठी खास बनवलेली गाडी, पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक. पण जुन्या बाजारात कमी आणि सर्व्हिस सेंटरही कमी. फॉर्च्युनर ३.० दणकट आहे, तिचं वजन आणि जुन्या गाडीलाही टिकून असलेली किंमत पाहता या कामासाठी मी तिच्यावर पैसे घालणार नाही. इसुझू व्ही-क्रॉसचा हौदा मुक्कामाला उत्तम, मात्र ५.३ मीटर लांबीची गाडी गावातल्या बोळांतून फिरवायची तयारी हवी.

पाहायला जाताना

ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलेलं आहे. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून खेळ तपासा. जिप्सीत ६० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं का आणि पुढच्या चाकांमागच्या नकल्समधून (चाक वळवणाऱ्या सांध्यांतून) ग्रीस गळतंय का, हे पाहाच. चेसिसच्या आतल्या बाजूला सुकलेला गाळ असेल तर खरवडून खालचा पत्रा बघा. आपल्या कोरड्या हवेतल्या गाड्यांना गंज कमी असतो. एमएच ०७ किंवा ०८ पासिंगची, म्हणजे कोकणातली गाडी असेल तर हे काम दुप्पट बारकाईने करा.

टायर कसेही असले तरी ते बदलायचे पैसे किमतीत धरा. खाचा मोठ्या असलेले मड टायर काळी माती झटकतात, ऑल टेरेन त्यामानाने लवकर भरतात, पण आवाज कमी करतात आणि डांबरावर जास्त टिकतात. बहुतेक वेळ डांबरावरच जाणार असेल तर कंपनीच्याच मापाचे ऑल टेरेन घ्या आणि वाफसा आल्याशिवाय पांदणीत उतरू नका.

दिल्ली परिसरातून येणाऱ्या डिझेल गाड्या स्वस्त वाटतात, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंधनं आली. त्या किमतीत तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवीन नंबरचा खर्च मिळवा, मग तुलना करा. १५ वर्षं पूर्ण होत आलेली गाडी असेल तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कराचाही हिशेब लागतो. छत कापलेलं, इंजिन बदललेलं किंवा चेसिस वाढवलेली गाडी असेल आणि तो बदल आरसी बुकात नसेल, तर सौदा करू नका. नोंद नसलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडतो. लष्कराच्या लिलावातली जिप्सी असेल तर लिलावाची मूळ कागदपत्रं आणि नागरी नोंदणी दोन्ही हातात घेऊन चेसिस नंबर स्वतः जुळवा, आणि नाव बदलून येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.