टेलार्कची ‘१८१२’: काही महिन्यांच्या वापरानंतर आणि विक्रीपूर्वी

एरिक कुन्झेल यांच्या संचालनाखाली सिनसिनाटी सिंफनी ऑर्केस्ट्राने १९७८ साली वाजवलेली चायकोव्हस्कीची ‘१८१२’ ही रचना टेलार्क या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने डिजिटल यंत्रावर मुद्रित केली आणि तिची एलपी बाजारात आणली. या एलपीची एक जुनी प्रत गेले कित्येक महिने मी नियमितपणे ऐकत आलो आहे. आता ती विकायला काढली असल्यामुळे, घेणाऱ्याला नेमके काय मिळणार आहे हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. ही रेकॉर्ड अमेरिकेत पुष्कळ खपली होती, त्यामुळे ती दुर्मिळ मुळीच नाही. दुर्मिळ आहे ती तिची न दुखावलेली प्रत.

यामागचे कारण खाचांमध्ये आहे. चायकोव्हस्कीने या रचनेत तोफांचे सोळा बार लिहिले आहेत, त्यांपैकी पाच ‘मार्सेयेज’ या फ्रेंच राष्ट्रगीताच्या सुरावटीशी अखेरची झुंज चालू असताना आणि उरलेले अकरा शेवटच्या जल्लोषात. टेलार्कने खऱ्या तोफा उडवून त्यांचे आवाज स्वतंत्रपणे मुद्रित केले, वाद्यवृंदाच्या मुद्रणात मिसळले आणि त्यांचा जोर फारसा न दाबता तबकडीवर कोरला. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली की पहिल्या बाजूच्या शेवटाकडे खाचा वेड्यावाकड्या झोके घेताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हे बार तबकडीच्या आतल्या भागात येतात, हीच खरी अडचण आहे. बाहेरच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, तर लेबलाजवळ तोच वेग २१ सेंटिमीटरच्या आसपास उतरतो, म्हणजे सर्वांत अवघड काम सुईला सर्वांत कमी जागेत करावे लागते. शिवाय तोफेच्या आवाजातील अतिशय खालच्या कंपनसंख्या टोनआर्म (सुई पेलणारा हात) आणि कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) यांच्या स्वतःच्या अनुनादाच्या, म्हणजे ज्या कंपनसंख्येला ते आपोआप थरथरू लागतात तिच्या, जवळ जातात. दोघांची जोडी जुळलेली नसेल तर सुई खाचेबाहेर उडते आणि परत पडताना ओरखडा पाडते.

म्हणून ही प्रत लावण्यापूर्वी मी चाचणीसाठी एक झिजलेली, स्वस्तातली प्रत वेगळी आणली. जड टोनआर्मवर फार लवचीक सुईचे कार्ट्रिज लावले तेव्हा पहिल्याच बाराला सुई उडाली. मध्यम लवचीकतेच्या कार्ट्रिजने दोन ग्रॅमच्या आसपास भार ठेवला आणि अँटीस्केटिंग (टोनआर्म मध्याकडे ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) नीट जुळवले, तेव्हा सोळाही बार सुखरूप पार पडले. विकायची प्रत माझ्याकडे फक्त या दुसऱ्या जोडीवर वाजली आहे. आधीच्या मालकाने काय केले हे कागदावर कुठे लिहिलेले नसते, पण बारांच्या वेळी तडतड किंवा फाटलेला आवाज येत नाही, यावरून तिच्या या भागाला इजा झालेली नाही असे मी खात्रीने म्हणतो.

जुनी प्रत घेणारे बहुतेक जण फक्त तोफा ऐकून पाहतात, पण सुरुवातही तितकीच काळजीपूर्वक ऐकावी. रचना दोन व्हायोला आणि चार चेलो यांच्या प्रार्थनेने उघडते. ते सूर इतके हलके मुद्रित झाले आहेत की धूळ, स्थिर विद्युत आणि झीज यांचा प्रत्येक टिकटिकाट तिथे उघडा पडतो. माझ्या प्रतीत या पहिल्या भागात थोडी किरकिर आहे. ओल्या साफसफाईनंतर ती बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही, आणि म्हणूनच मी तिला ‘जवळजवळ नवी’ न म्हणता त्याखालचा ‘व्हेरी गुड प्लस’ असा दर्जा दिला आहे.

तो हलका आवाज ऐकू यावा म्हणून व्हॉल्यूम वाढवण्याचा मोह होतो आणि तेथेच स्पीकर धोक्यात येतो. सुरुवातीला आवाज कमी ठेवावा अशी सूचना टेलार्कने कव्हरवर छापली आहे आणि ती शब्दशः पाळावी, कारण शांत भाग आणि तोफा यांच्यातील अंतर खरोखरच प्रचंड आहे.

‘डिजिटल’ हा शब्द पाहून काही जाणकार अशा रेकॉर्डकडे पाठ फिरवतात. मला ते पटत नाही. हे मुद्रण डिजिटल ध्वनिमुद्रणाचे प्रणेते थॉमस स्टॉकहॅम यांच्या साऊंडस्ट्रीम यंत्रावर झाले, जे सेकंदाला ५०,००० नमुने १६ बिटमध्ये नोंदवत असे. सीडी बाजारात आली ती १९८२ मध्ये, आणि तिच्यासाठी हेच मुद्रण ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांवर, उतरवावे लागले. एलपीसाठी तशा बदलाची गरज नव्हती, म्हणजे त्या काळातील श्रोत्याला हे मुद्रण ऐकण्याचा मार्ग ही तबकडीच होती. टेपची सळसळ नाही, मोठ्या ढोलाचा घुमार जमिनीतून आल्यासारखा येतो आणि घंटांच्या गजरातही वाद्ये एकमेकांत मिसळून जात नाहीत. वरच्या पट्टीतील व्हायोलिन्स मात्र किंचित टणक वाटतात, आणि मऊ सुराच्या कार्ट्रिजवरही तो टणकपणा पूर्णपणे जात नाही. ज्यांना १९५० आणि १९६० च्या दशकांतील उबदार तंतुवाद्ये प्रिय आहेत त्यांनी हे मान्य करूनच ती घ्यावी.

दुसऱ्या बाजूबद्दल फारसे कोणी बोलत नाही, याचे मला वाईट वाटते. तेथे चायकोव्हस्कीचेच ‘कॅप्रिचो इटालियन’ आणि त्याच्या ‘माझेपा’ या ऑपेरातील कोसॅक नृत्य आहे. तोफांची नवलाई काही आठवड्यांत ओसरली, पण ‘कॅप्रिचो’तील ट्रम्पेटची सुरुवात मी आजही पुन्हा पुन्हा लावतो. ही बाजू माझ्या प्रतीत जवळपास निर्दोष आहे.

विक्रीसाठी मी पहिल्या बाजूचा तोफांचा भाग तिरक्या प्रकाशात टिपला आहे आणि सुरुवातीचे व शेवटचे काही क्षण ध्वनिमुद्रित केले आहेत. कव्हरचा एक कोपरा दबलेला आहे, शिवण शाबूत आहे. किंमत मी चालू दरापेक्षा थोडीच जास्त ठेवली आहे आणि ती खाचांच्या अवस्थेसाठी आहे. पाठवताना तबकडी कव्हरच्या बाहेर, स्वतंत्र आतल्या पाकिटात ठेवीन, म्हणजे प्रवासात कव्हरची शिवण फाटणार नाही, आणि दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावीन. घेणाऱ्याकडून मला एकच माहिती हवी आहे: त्याचा टोनआर्म आणि कार्ट्रिज कोणते आहेत. जोडी जुळणारी नसेल तर मी तसे आधीच सांगेन आणि रेकॉर्ड दुसऱ्या ग्राहकासाठी राखून ठेवीन.