लपण की मचाण? मराठवाड्यात जनावर जवळून बघायचं तर कुठं बसावं

काळवीट, लांडगा आणि बिबट्या हे तिघंही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे बंदुकीचा विषय केव्हाच संपला. शिकाऱ्यांचा जुना वाद मात्र कॅमेरेवाल्यांनी चालू ठेवलाय: जमिनीवर लपणीत (आडोशात) दबा धरावा की मचाणावर चढावं?

मोकळ्या माळावर माझं मत सरळ जमिनीच्या बाजूनं आहे. बीड-धाराशिवकडच्या गायरानात मचाणाजोगं झाड मुळात सापडत नाही. सापडलं तरी काळवीट डोळ्यांवर जगणारं जनावर. आभाळाच्या पार्श्वभूमीवर उंचावर काही हललं की कळप लांबूनच वळतो. त्यापेक्षा बांधाच्या आडोशाला तुराट्या-पळाट्यांची कंबरभर लपण करा आणि बसण्याआधी चार-सहा दिवस तशीच राहू द्या. जनावरांना ती शिवारातलीच वाटायला लागते. कडबा मात्र वापरू नका. उन्हाळ्यात गावातली गुरं तुमच्याआधी हजर होतात आणि भिंत खाऊन टाकतात. माणसाला बिचकणारी हरणं ढोरांना बिचकत नाहीत, हे फासेपारध्यांनी पक्कं ओळखलं होतं. ते शिकवलेल्या गाईच्या आडून पुढं सरकायचे.

जमिनीवरून जे दिसतं ते वरून दिसतच नाही. नर काळवीट बाभळीपाशी थांबतो, डोळ्याखालची खाच फाकवतो आणि काटेरी फांदीचं टोक हलकेच तिच्यात घालून घासतो. फांदीवर काळपट, चिकट ठिपका उरतो. ही त्याच्या हद्दीची खूण. मचाणावरून तुम्हाला मिळेल ती त्याची पाठ.

रोही (नीलगाय) आणि रानडुकराचं गणित निराळं. डुकराला दिसतं बेताचंच, पण नाक जबर. वारा तुमच्याकडून त्याच्याकडं वाहत असेल तर लपण कितीही चांगली असो, फुस्स करून तो मागच्या मागं गेलाच म्हणून समजा. रोहीसुद्धा पंधरा-वीस पावलांवर येऊन उभी राहते, ओल्या नाकपुड्या हलताना दिसतात. तेवढ्यात मानेमागं गार झुळूक लागली की खेळ संपला. मुठीतली बारीक माती सोडून वारा बघायची सवय लावून घ्या. डोंगराळ भागात ऊन उतरलं की गार हवा ओढ्यानं खाली वाहते, म्हणून संध्याकाळी पाणवठ्याच्या वरच्या अंगाला बसूच नये. मचाणावर वास थोडा वरून जातो खरा, पण त्याची हमी नाही.

डोंगर आला की मात्र मी बाजू बदलतो. गौताळा अभयारण्यात बिबट्या आहे, आणि २०२१ मध्ये तर यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघही तिथं कॅमेऱ्यात सापडला. अशा रानात अंधार पडताना जमिनीवर वाकून बसलेला माणूस आकारानं शेळी-वासराएवढाच दिसतो. तिथं मचाणच बरं. अभयारण्यात कुठंही आपल्या मनानं बसता येत नाही, वनविभागाची परवानगी लागते. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसण्याची संधी मिळाली तर सोडू नका. बिबट्या झाडावर सहज चढतो, त्यामुळे मचाण म्हणजे किल्ला नव्हे. चढण्याआधी फांद्यांत आग्यामोहोळ नाही ना, तेवढं बघून घ्या.

गाडीत बसून बघण्याचा तिसरा मार्ग आहे. म्हाताऱ्यांना, लेकरांना तो ठीक. शेतरस्त्यालगतची हरणं जीपला बऱ्यापैकी सरावलेली असतात, पण दार उघडलं की पसार.

पहिल्यांदाच बसणार असाल तर माळावर, दिवसा, ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून, जमिनीवर बसा. लपणीत शिरताना काठीनं तुराट्या ठोका, कारण फुरसं आणि घोणस दोघांनाही ती सावली आवडते. पिलांसोबतची डुकरीण वाटेत आली तर फोटो राहू द्या, तिला जायला जागा द्या. आणि दिवस मावळायच्या आत न्यायला कोण येणार, हे आधीच ठरवून ठेवा.