नॉर्टन कमांडोचा तेल अडवणारा व्हॉल्व्ह: घ्यावा का?

कमांडो ही जुनी ब्रिटिश मोटारसायकल काही आठवडे उभी राहिली की वेगळ्या टाकीतलं इंजिन-तेल गिअर पंपाच्या (दातेरी चाकांच्या तेलपंपाच्या) फटीतून झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी, उतरतं. किक मारताच निळा धूर, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेल. टाकी आणि पंपामधल्या नळीतला हा स्प्रिंग-गोळीचा व्हॉल्व्ह ते थांबवतो, हे खरं. पण तो पंप जिकडून तेल ओढतो त्या बाजूला बसतो. गोळी अडकली किंवा नळीत हवा राहिली, तर बेअरिंग कोरडी पडून इंजिन जाम! बसवलाच तर बाण इंजिनाकडे ठेवा, नळी तेलाने भरा, सुरू केल्यावर रॉकरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झडपा हलवणाऱ्या दांड्यांच्या) तेलनळीचा बोल्ट सैल करून तेल येतंय ना बघा. आमचं मत: नको. पंप नीट करून घ्या, तोवर क्रँककेसचा बूच काढून तेल उपसा. टाकीची पातळी मात्र इंजिन चालवल्यावरच बघा. उभ्या गाडीत तेल खाली उतरल्याने टाकी रिकामी दिसते, मग वरून ओतलेलं तेल हमखास जास्त होतं.