चर्चमधल्या संदेशाच्या (प्रवचनाच्या) तयारीसाठी मराठी बायबल: छापील प्रत घ्यावी की फोनवर भागवावं?

छापीलच घ्या. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं ‘पवित्र शास्त्र’ मुंबईतल्या बऱ्याच मराठी मंडळ्यांत (चर्चमध्ये) उपासनेला वापरतात, त्यामुळे पुलपिटवरून (व्यासपीठावरून) वाचलेलं आणि बाकावर उघडलेलं वचन एकच राहतं. पण खरा फायदा वेगळाच आहे: अख्खा अध्याय एका नजरेत येतो.

लूक १५, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय, उघडा. ११व्या वचनावर उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचा (बोधकथेचा) मथळा दिसतो आणि संदेश तिथूनच सुरू होतो. हे मथळे नंतर घातलेले आहेत. नव्या करारातले वचनांचे आकडेसुद्धा रोबेर एतिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१मध्ये घातले. वर १ आणि २ वचनं पाहा: जकातदार आणि पापी लोक ऐकायला आलेत, परूशी आणि शास्त्री (धर्मनियम काटेकोर पाळणारे आणि शिकवणारे यहूदी) येशू अशांबरोबर जेवतो म्हणून कुरकुर करताहेत. आता थेट २५ ते ३२ वाचा. उधळ्या धाकटा घरी परतल्यावर त्याच्यासाठी मेजवानी चाललीय, म्हणून थोरला मुलगा रागावून बाहेरच थांबलाय, बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतोय. तो आत गेला का? येशू सांगत नाही, कारण उत्तर त्या कुरकुरणाऱ्यांनी द्यायचंय. ही आठ वचनं गाळली की अर्धा संदेशच हातातून जातो!

फोनवर बोटाने वर सरकवताना नेमकी पहिली दोन वचनं नजरेआड होतात. सुटं वचन उचलायची सवयही फोनमुळे वाढते. यिर्मया २९:११ (देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत, हे वचन) सगळ्यांना पाठ असतं, पण १०व्या वचनातली बाबेलमधली (बॅबिलोनमधली) बंदिवासाची ७० वर्षं कोणाच्या लक्षात नसतात. मला सामर्थ्य देणाऱ्यामुळे मी सर्व काही करू शकतो, या फिलिप्पै ४:१३चंही तसंच. आधीच्या दोन वचनांत पौल भुकेत आणि तृप्तीत समाधानी राहण्याबद्दल बोलतोय, परीक्षेतल्या यशाबद्दल नाही.

वाचायची रीत साधी आहे. सोमवारी अध्याय मोठ्याने, न थांबता वाचा. लूक १५ची ३२ वचनं पाच-सहा मिनिटांत होतात. मंगळवारी कोण कोणाशी बोलतंय त्याखाली रेघ मारा. बुधवारी परत परत येणारे शब्द वहीत उतरवा, इथे ‘हरवले’, ‘सापडले’, ‘आनंद’. मग अध्याय १४ आणि १६ वाचा. हा परिच्छेद आपल्यालाच काय म्हणतोय, ते स्वतःसाठी प्रार्थनेत मांडल्याशिवाय टीकाग्रंथ (बायबलचं स्पष्टीकरण देणारी पुस्तकं) उघडू नका. दुसऱ्याचा निष्कर्ष आधी वाचला, की आपले डोळे तेवढंच शोधतात.

बायबलचा कागद पातळ असतो. जेल पेनची शाई मागे उमटते, म्हणून मऊ पेन्सिल वापरा. पावसाळ्यात पानं ओलसर होऊन चिकटतात, तेव्हा प्रवासात प्रत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. समास अरुंद असतो, टिपणं वहीतच करा.

अ‍ॅपचा उपयोग दोन भाषांतरं शेजारी ठेवायला आणि एखादा शब्द आणखी कुठे आलाय ते शोधायला. लोकलमध्ये रेंज जाते, म्हणून ऑफलाइन मिळणारं भाषांतर घरूनच उतरवून घ्या आणि वाचताना नोटिफिकेशन बंद ठेवा. चष्मा असेल तर मोठ्या अक्षरांची प्रत मागा, कडेला संबंधित वचनांचे संदर्भ दिलेली मिळाली तर तीच घ्या.