बर्डीवर घेतलेला आवर्तसारणीचा चार्ट, मागची बाजू बघूनच घ्या

घरी अकरावी-बारावीचं पोरगं असेल तर हा चार्ट नक्की घ्या. नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) एका स्टेशनरीच्या दुकानात दीडशेला मिळाला, लॅमिनेशन चांगलं जाड आहे, दोन्ही बाजूंनी छापलाय. समोर नेहमीसारखी 118 मूलद्रव्यं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरा माल मागे आहे.

बाकी चार्टवर काय असतं नं, एक बाण डावीकडून उजवीकडे, अणुत्रिज्या कमी होते, आयनीकरण ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) वाढते, एक वरून खाली, तिथे याच्या उलट, झालं. पोरं बाण पाठ करतात आणि नीटच्या पेपरात अपवाद आला की अडकतात. इथे बाणाऐवजी आकडे टाकून आलेख काढलाय, त्यामुळे लिथियम ते निऑन ही आयनीकरण ऊर्जेची रेघ मधे दोनदा खाली येते हे सरळ दिसतं. बेरिलियम 900 तर बोरॉन 801, नायट्रोजन 1402 तर ऑक्सिजन 1314, सगळं किलोज्यूल प्रति मोलमधे. काहून, तेही बाजूलाच मराठीत लिहिलंय: बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन 2पी मधे जातो (2एस, 2पी म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन बसायच्या जागा), तो 2एस मधल्यापेक्षा सैल असतो, आणि ऑक्सिजनमधे चौथ्या पी इलेक्ट्रॉनला जोडीत बसावं लागतं, दोघं एकमेकांना ढकलतात म्हणून एक काढणं सोपं जातं. एवढं सोपं करून लिहिणाऱ्याला मनापासून दाद.

मला सगळ्यात आवडलं ते झिर्कोनियम-हाफ्नियमचं. गणात (उभ्या रांगेत) खाली गेलं की अणू मोठा व्हायला पाहिजे, पण झिर्कोनियमची त्रिज्या 160 पिकोमीटर आणि त्याच्या खालच्या हाफ्नियमची 159! मधल्या 14 लँथॅनाइडमधे (लँथॅनमनंतरची मूलद्रव्यं) भरलेले 4एफ इलेक्ट्रॉन केंद्राची ओढ नीट झाकत नाहीत, त्यामुळे बाहेरचे आत खेचले जातात. दोघं इतके सारखे वागतात की हाफ्नियम झिर्कोनियमच्या खनिजातच लपून राहिलं आणि 1923 मधे सापडलं. क्लोरीनची इलेक्ट्रॉन अफिनिटी (अणूनं इलेक्ट्रॉन घेताना सुटणारी ऊर्जा) फ्लोरिनपेक्षा जास्त आहे (349 आणि 328) हेही बरोबर छापलंय.

एक गोष्ट मात्र खटकली. त्रिज्येच्या आलेखात क्लोरीन 99 आणि लगेच आर्गॉन 188 दाखवलाय, पोरांना वाटेल राजवायू एकदम फुगतो. क्लोरीनचा आकडा बंधातल्या अणूचा आहे, आर्गॉन बंधच करत नाही म्हणून त्याचा व्हॅन डर वाल्स त्रिज्येचा (बंध नसलेल्या, नुसत्या टेकलेल्या दोन अणूंमधल्या अंतराच्या निम्मा) घेतलाय, दोन वेगळ्या मापांना एकाच रेघेत जोडायला नको होतं. निदान खाली एक ओळ तरी द्यायची. पुढच्या छपाईत हे सुधारायलाच पाहिजे, तोवर पेननं स्वतः लिहून ठेवा.

मोठी साईज पण मिळते, जागा असेल तर तीच घ्या, लहान साईजवर मागची अक्षरं फार बारीक आहेत. आणि भिंतीला चिकटवू नका, वर होल आहेत त्यातून दोरी घालून टांगा म्हणजे उलटा करता येतो.